द्वारकाबाई आकड्यापाशी थांबली नाही

समजा, तुम्ही नीट विचार करून दहा वाक्यं बोललात. त्यातलं मधलंच एक वाक्य कोणी कात्रीनं कापून घेतलं आणि तुमच्याच पोराच्या तोंडावर चिकटपट्टीसारखं मारलं. चालेल तुम्हाला? शब्द तर तुमचेच आहेत, एक काना-मात्रा खोटी नाही. मग गप्प बसाल?

पडेगावच्या द्वारकाबाई साळवेला हे विचारायची सोय नाही. कारण ती कात्री तिनं स्वतःच चालवली होती.

छावणी ओलांडून खुलताबादच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक बोळ आत जातो. त्या बोळात दोन खोल्या, वर पत्रा, दारात शिलाई मशीन. शहागंजातल्या साडीच्या दुकानातनं गठ्ठा येतो, द्वारकाबाई फॉल-पिको करून परत पाठवते. वय अठ्ठावन्न, कबूल करते बावन्न. नवरा जाऊन आठ वर्षं झाली. एकच पोरगा, सोमनाथ.

बाई मूळची जालन्याकडची, चौथी नापास. लग्न होऊन शहरात आली तेव्हा शाळेतलं सगळं विसरलेलं, बसवरची पाटीसुद्धा वाचता यायची नाही. वाचायला शिकली ती पस्तिसाव्या वर्षी, आणि तीही बायबलावरनंच. रविवारी पाळकसाहेब जो उतारा वाचायचे तो ती कानात भरून घरी आणायची, पान उघडायची, ऐकलेल्या शब्दांवर एकेक बोट ठेवत जायची. जिथं बोट अडायचं तिथं दारावरनं जाणाऱ्याला हाक. पोस्टमन असो, दूधवाला असो, दप्तर घेऊन चाललेली पोरगी असो. "ए बाई, हे काय लिहिलंय गं?" दोन वर्षांत बोट अडायचं थांबलं.

शिकलेल्या माणसाला वाचण्याचा गर्व नसतो, कारण त्याला ते फुकट मिळालेलं असतं. द्वारकाबाईला होता, आणि का नसावा? एकदा नव्या पाळकांनी उपासनेत वाचताना चुकून एक ओळ गाळली, तर बायकांच्या बाजूनं हिचा आवाज: "साहेब, एक ओळ खाल्ली तुम्ही." अख्खी मंडळी हसली. पाळकसाहेबांनी मान खाली घालून ती ओळ वाचली.

आता त्या मंडळीतला, म्हणजे त्यांच्या चर्चमधला, एक रिवाज सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्यांच्याकडे वचनांचा डबा आहे. घरात पोहे ठेवायला असतो तसला स्टीलचा, झाकणाचा. नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेला तो समोर ठेवतात. एकेकानं यायचं, डोळे मिटायचे, हात घालून एक चिठ्ठी काढायची. चिठ्ठीवर बायबलातलं एक वचन. ते आपलं वर्षाचं वचन. कोणी देवाच्या फोटोमागं खोचतं, कोणी मोबाइलच्या कव्हरात घालतं. बरं, तिथंच संपत नाही. वर्षभर तो डबा द्वारकाबाईच्या घरी असतो. पोरगी त्या घरात द्यायची का, ऑपरेशन आत्ता करायचं का, नोकरी सोडायची का, असं काही अडलं की लोक येतात, प्रार्थना करतात आणि हात घालतात. जे निघेल तो निकाल. त्यावर अपील नाही.

आणि त्या चिठ्ठ्या लिहायची द्वारकाबाई. अठरा वर्षं. शहागंजातल्या छापखान्यातनं बिघडलेल्या लग्नपत्रिका आणायच्या, कोऱ्या बाजूनं कापायच्या, निळ्या पेनानं लिहायचं. अक्षर असं की छापील वाटावं. तिचा एकच कायदा होता: वचन दोन ओळींत बसलं पाहिजे. लांब वचन कोण वाचतंय? म्हणून मग पुढचं "म्हणून" कापायचं, मागचं "परंतु" कापायचं, मधलं "जर" काढून टाकायचं. साडीच्या कडेचे लोंबते धागे कापावेत तसं. हे धागे नाहीत, हेच कापड आहे, हे अठरा वर्षांत तिच्या ध्यानात आलं नाही. अन् मंडळीतल्या कोणाच्या तरी ध्यानात आलं होतं म्हणता? नाव नको.

सोमनाथ सव्वीस वर्षांचा. वाळूजच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होता. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, वरनं प्रेस येते, भाग तयार होतो, काढायचा, दुसरा ठेवायचा. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली यावी, अशी त्यात सोय असते. म्हणजे हात आत राहायलाच नको. समोर सेन्सरही असतो, हात आत दिसला की प्रेस थांबवणारा. पण सोयी पाळल्या की माल कमी निघतो. म्हणून सेन्सर बंद ठेवलेला, आणि एका बटणात लोखंडी तुकडा खुपसून ते कायमचं दाबून ठेवलेलं. सगळ्या शॉपला माहीत, आणि सुपरवायझरला तर सगळ्यात आधी.

गौरी-गणपतीच्या आठवड्यात प्रेस खाली आली तेव्हा सोमनाथचा उजवा हात आत होता. चार बोटं गेली. अंगठा राहिला.

कंपनीनं दवाखाना केला, फळं पाठवली, आणि कागदावर लिहिलं: कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात. तो कागद वाचला तेव्हा द्वारकाबाईनं सफरचंदांची पिशवी उचलून बोळात भिरकावली. गल्लीतल्या शेळ्यांचं भागलं.

सरकारी इन्स्पेक्टरनं सोमनाथला जबाबाला बोलावलं. दिवाळीनंतरचा सोमवार, सकाळी अकरा, स्टेशनजवळचं ऑफिस. त्यानं सेन्सरचं आणि बटणाचं सांगितलं तर चौकशी पुढं जाणार. नाही सांगितलं तर कंपनीचा कागद खरा ठरणार, फाइल बंद, आणि तो लोखंडी तुकडा बटणात तसाच.

त्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी सुदर्शन पारखे घरी आला. मंडळीचा वडील, म्हणजे पाळकांच्या खालोखाल ज्याचा शब्द चालतो तो. आणि त्याच प्रेस शॉपचा सुपरवायझरही तोच. सोमनाथला नोकरी त्यानंच लावली होती.

"सलाम, ताई."

"सलाम. बसा." खुर्ची होती, पण द्वारकाबाईनं ती पुढं केली नाही. त्यानंच ओढून घेतली.

"सोमनाथ, हात कसा आहे?"

"मस्त आहे, भाऊ. आता कोणाकडं बोट दाखवायची सोयच नाय राहिली."

सुदर्शन कसनुसा हसला. मग खाकरून म्हणाला, "सोमवारचं काय ठरवलं? मी काय जा म्हणत नाय, जाऊ नको म्हणत नाय. पण आपण प्रभूच्या विश्वासातली माणसं. कोर्टकचेऱ्या, सूड, हे जगाचं काम. प्रार्थना करू, डब्यात हात घाल. प्रभू काय म्हणतो ते ऐकू. ताई, काय चुकीचं बोललो का?"

हेच वाक्य द्वारकाबाईनं शंभर लोकांना ऐकवलेलं. तिनं डबा काढला. सोमनाथनं डोळे मिटले, डावा हात घातला, चिठ्ठी काढली आणि आईकडं दिली. तिचंच छापल्यासारखं अक्षर:

"सूड घेणे माझ्याकडे आहे, मी फेड करीन, असे प्रभू म्हणतो. रोम. १२:१९."

सुदर्शनचा चेहरा खरोखरच उतरला. त्यालाही अंगावर काटा आला असावा. तो ढोंगी नव्हता, हे लक्षात ठेवा. ढोंग्याला हाकलता येतं.

"आमेन," तो हळूच म्हणाला आणि उठून गेला.

सोमनाथनं चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. "झालं, मम्मी. नाय जायचं आता."

त्याच्या आवाजात दुःख नव्हतं. सुटका होती. तेच द्वारकाबाईला जास्त लागलं. पोरगं घाबरलंय, आणि भीतीला आता माझ्या अक्षरातलं सर्टिफिकेट मिळालं. तिनं भांडी आपटली, मशीनचं झाकण आपटलं. मनात मात्र एक गोष्ट पक्की केली: चौकशी गेली खड्ड्यात, सोमवारी आपण स्वतः वाळूजला जायचं, शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर सुदर्शनच्या तोंडात चप्पल हाणायची. देव त्याची फेड करेल तेव्हा करेल, आपण ॲडव्हान्स देऊन ठेवू.

शनिवारी दुपारी हैदर आला. खुलताबादचा पोरगा, सोमनाथच्या शेजारच्या प्रेसवर काम करायचा. रोज मोटारसायकलवरनं याच रस्त्यानं जा-ये. सोमनाथ झोपलेला होता.

"मावशी, सोमवारी सोमनाथ बोलणार ना?"

"नाय."

"कायकू?"

द्वारकाबाईनं डब्याचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं, वचन पाठ म्हणून दाखवलं. हैदरनं शेवटपर्यंत ऐकलं.

"मावशी, तुमच्या मजहबचं मी काय बोलणार. पण आता त्या प्रेसवर मला उभं केलंय."

द्वारकाबाईचा हात मशीनवर थांबला. "त्याच?"

"हौ. त्याच. तुकडा अजून बटणात हाय. सोमनाथ बोलला तर मी बी नाव लिहून देतो. पण ज्याचा हात गेला तोच चूप बसला, तर माझं कोण ऐकणार? दुसऱ्या दिवशी बाहेर."

"अरे, पण वचनच तसं निघालं, मी काय करू?"

हैदरनं डोकं खाजवलं. "आमच्यात एक किस्सा सांगतात. एक आळशी माणूस. नमाजला यायचाच नै. लोकांनी विचारलं, तर बोलला, किताबमधेच लिहिलंय, नमाजच्या जवळ जाऊ नका. आता लिहिलंय, हे खरं हाय. पण पुढं काय लिहिलंय? नशेत असताना. पुढचं ह्यानं खाऊन टाकलं."

"म्हणजे माझी चिठ्ठी अर्धी आहे, असं म्हणायचंय तुला?" द्वारकाबाई कडाडली. "अठरा वर्षं लिहितेय मी!"

"मी कुठं तसं बोललो? तुमची किताब, तुम्ही जाणा. मी गरीब आदमी, दहा बोटं घेऊन सोमवारी ड्यूटीवर जाणार. परत किती आणतो बघू." तो चपला घालून निघून गेला.

द्वारकाबाईचं डोकं असं तापलं की त्यावर भाकरी भाजावी. कालचं पोरगं! माझ्या पुस्तकातलं मला शिकवतंय! नेमकं याला खोटं पाडायचं म्हणूनच तिनं हात धुतले, बायबल काढलं, रोमकरांस पत्र उघडलं. बारावा अध्याय, एकोणिसावं वचन. बघ, आहे की नाही? अक्षरशः तेच आहे.

मग डोळा मागच्या ओळीवर गेला. त्याच्या मागच्या. वाईट करणाऱ्याचं उलट वाईट करू नका. तुम्हाला जमेल तितकं सगळ्यांशी शांतीनं राहा. *तुम्ही* सूड उगवू नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या. तिनं चिठ्ठीत घेतलेले शब्द या वाक्याचं शेपूट होतं. डोकं तिनं कापून टाकलं होतं. पुढं: तुझा शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाल, तान्हेला असेल तर पाणी दे.

चप्पल आठवली. बाईनं डोळे मिटून घेतले. गेटवरचा सगळा कार्यक्रम या एका ओळीनं रद्द झाला. पुस्तक बंद करावं असं वाटलं. अध्यायही संपलाच होता. खाली रिकामी जागा, मग मोठा आकडा तेरा. अठरा वर्षं ती अशा आकड्यापाशी थांबत आलेली. पण हैदरला खोटं पाडायचं तर अजून पडला नव्हता तो. ती पुढं वाचत गेली. अधिकाऱ्यांबद्दल होतं काहीतरी. एक वचन, दुसरं, तिसरं. आणि चौथ्यावर बोट थांबलं, पस्तिसाव्या वर्षी थांबायचं तसं. अधिकारी हा तुझ्या भल्यासाठी नेमलेला देवाचा सेवक आहे. त्याच्या हातात तलवार उगीच नाही. वाईट करणाऱ्याचा *सूड घेणारा* असा तो आहे.

तोच शब्द. सहा ओळी पुढं. सूड देवाकडे आहे, आणि देव तो कोणाकरवी घेतो, तेही त्याच दमात सांगितलेलं. म्हणजे तू हातात चप्पल घेऊ नकोस आणि तू गप्पही बसू नकोस. ज्याचं काम आहे त्याच्यापुढं जा आणि खरं सांग. अकरा वाजता, स्टेशनजवळ.

हैदर खोटा पडला नाही. द्वारकाबाई पडली.

मग तिनं डबा जमिनीवर उपडा केला. एकेक चिठ्ठी उचलायची आणि पुस्तकात तिचं मागचं-पुढचं बघायचं. "तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव." हेच वचन तर गेल्या वर्षी शेजारच्या तनुजाला लग्नाआधी निघालेलं, आणि नवरदेवाकडं बघून बायकांनी डोळे पुसलेले. ते बोलली कोण? एक विधवा सून आपल्या विधवा सासूला! "तुझा प्रारंभ अल्प असला तरी शेवट फार मोठा होईल." हे वचन निघालं म्हणून कितीजण नाचले असतील. ईयोबाच्या पुस्तकात हे म्हणतो त्याचा मित्र बिल्दद; आणि तीनच ओळी आधी तो, ज्याची सगळी लेकरं मेलीत त्या बापाला, ईयोबाला, तोंडावर सांगतो की तुझी पोरं त्यांच्या पापानं मेली. शेवटी देव त्या मित्रांनाच फटकारतो, तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत म्हणून. देवानं ज्याला झापलं त्याचे शब्द आम्ही देवाचे म्हणून खिशात घालून हिंडतोय!

सोमनाथ उठून दारात उभा होता. "मम्मी, हा काय पसारा?"

तिनं त्याला समोर बसवलं आणि बाराव्या अध्यायाच्या मधल्यापासनं तेराव्याच्या मधल्यापर्यंत एका श्वासात वाचून दाखवलं.

सोमनाथनं पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला. "तुला मला पाठवायचंच होतं," तो म्हणाला. "म्हणून तुला पायजे ते वचन तू शोधून काढलंस. मला चिठ्ठीनं निकाल दिला, तू दुसरी चिठ्ठी लिहितेस. फरक काय?"

प्रश्न रास्त होता. असा प्रश्न विचारणारा पोरगा आपला आहे याचा तिला त्या रागातही अभिमान वाटला.

"मी शोधलं नाय रे. मी फक्त थांबले नाय. आणि मला पायजे तेवढंच काढायचं असतं, तर शत्रूला जेवू घाल हे तुला वाचून दाखवलं असतं का? मी सोमवारी सुदर्शनला चपलेनं हाणणार होते. त्या कलमानं माझा पण हात बांधला."

"चपलेनं?" सोमनाथ पहिल्यांदा खरं हसला. "कुठली? ती निळी?"

"निळीच. पण विषय बदलू नको."

हसू विरलं. "मला भ्या वाटतं, मम्मी. सुदर्शनभाऊंनी नोकरी लावली, मंडळीत ते वडील. उद्या सगळे म्हणतील, वचन निघालेलं असून गेला. तू एकटी म्हणतीस ते खरं, का सगळे म्हणतात ते?"

"उद्या रविवार आहे," द्वारकाबाई म्हणाली. "मंडळीसमोरच वाचू. मी चुकले असेन तर नको जाऊ."

रविवारी उपासना झाली आणि साक्षीची वेळ आली. देवानं आठवडाभरात काय केलं ते कोणीही उभं राहून सांगायचं, अशी ती वेळ. द्वारकाबाई उठली. हातात डबा, काखेत बायबल.

"सलाम सगळ्यांना. मला देवानं काय केलं ते नाय सांगायचं. मी काय केलं ते सांगायचंय."

तिनं सगळं सांगितलं. दोन ओळींचा कायदा, "जर" आणि "परंतु", तनुजाची चिठ्ठी, बिल्दद. तनुजा मागच्या बाकावर पदर तोंडाला लावून हसत होती. मग द्वारकाबाईनं सोमनाथच्या चिठ्ठीतलं वचन पाठ म्हटलं, आणि त्याचं मागचं आणि पुढचं वाचलं.

सुदर्शन उभा राहिला. मानेच्या शिरा दिसत होत्या. "ताई, रागवू नका, पण चौथी नापास माणसानं पाळकाच्या समोर शास्त्र उलगडायचं का? आणि वाचायचंच तर सगळं वाचा. तेराव्याचं पहिलंच वचन, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. कंपनीचा साहेब अधिकारीच आहे."

"नापास तर नापास. तुम्ही पास आहात ना, मग सहावं वचन वाचा मोठ्यानं."

सुदर्शननं पान काढलं, त्या ओळीवर नजर टाकली आणि पुस्तक मिटलं.

"मीच वाचते. त्याच कारणासाठी तुम्ही करही देता. म्हणजे हे पत्र लिहिणारा पौल सरकारबद्दल बोलतोय. तुमचा मॅनेजर कर गोळा करतो का, सुदर्शनभाऊ? त्याला तलवार कोणी दिली? पत्रा कापायची मशीन दिली, तर त्यानं माझ्या पोराची बोटं कापली."

कोणीतरी "आई गं" म्हणालं. आता सगळ्यांची तोंडं पाळकसाहेबांकडं. तरुण माणूस, त्यांनाही सुदर्शनला दुखवायचं नव्हतं. त्यांनी स्वतःचं बायबल उघडलं, वाचलं, परत मागं जाऊन वाचलं. मंडळी ताटकळली, पण त्यांनी घाई केली नाही. ते त्यांचं मोठेपण.

"हे पौलानं पाठवलेलं पत्र आहे," ते शेवटी म्हणाले. "पत्राला आकडे नसतात. अध्याय आणि वचनांचे आकडे पुष्कळ शतकांनी लोकांनी घातले, शोधायला सोपं जावं म्हणून. थांबायला नव्हे. कोणाचं पत्र आलं तर आपण मधली एक ओळ वाचून घडी घालून ठेवतो का? द्वारकाबाईंनी वाचलं ते बरोबर आहे. सूड घेऊ नका. आणि न्यायाचं काम ज्याचं आहे त्याला ते करू द्या. सोमनाथ, तुला वचन अडवत नाही. जायचं का नाही, ते तुझं तू ठरव."

दुसरं कोणी ठरवणार नाही, हे ऐकून सोमनाथचा चेहरा आधी पांढरा झाला. मग त्यानं खिशातली चिठ्ठी काढली, आईच्या हातात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जाणार."

डबा त्या दिवशी पाळकसाहेबांनी कपाटात ठेवला. यावर मंडळीत अजून दोन तट आहेत, खोटं कशाला सांगायचं. आवडाबाई म्हातारी तर द्वारकाबाईशी बोलत नाही. "माझं वचन पळवलं हिनं," म्हणते.

बाहेर आल्यावर सुदर्शननं द्वारकाबाईला लिंबाखाली गाठलं. "ताई, तुकडा मी नाय खुपसला. वरनं सांगितलं, मी बघून न बघितल्यासारखं केलं. उद्या माझ्या पोटावर पाय येईल. माझीबी दोन लेकरं आहेत."

हात शिवशिवला. खरंच शिवशिवला. "खोटं एक अक्षर बोलणार नाय तो तुमच्याविरुद्ध," ती म्हणाली. "जे बघितलं तेवढंच. आणि नोकरी गेली तर लेकरं घेऊन माझ्या घरी जेवायला या. मी मनानं नाय बोलवत, त्यात लिहिलंय म्हणून बोलावतेय. पण भाकरी गरमच वाढीन."

सुदर्शनला हसावं का रडावं कळेना. तो गाडीला किक मारत राहिला.

सोमवारी क्रांती चौकात ट्रॅफिक तुंबलेला, रिक्षा हलेना. द्वारकाबाई उतरून हवालदाराला दोन शब्द सुनावून आली, तेव्हा कुठं वाट मिळाली. अकराला पाच कमी असताना दोघं ऑफिसात. इन्स्पेक्टर बाई होत्या, शांत, चष्मेवाल्या. सोमनाथ सुरुवातीला अडखळला. मग सेन्सर कधीपासनं बंद होता ते सांगितलं, बटणातला तुकडा केवढा ते डाव्या हातानं कागदावर काढून दाखवलं, सुपरवायझरला माहीत होतं तेही सांगितलं, आणि त्याला वरनं हुकूम होता असं तो म्हणतो, तेही लिहायला लावलं. कुठं मीठ नाही, मसाला नाही. दीड तास लागला. शेवटी डाव्या हातानं सही. एकेक अक्षर वाकडं-तिकडं, पहिलीतल्या पोरासारखं. द्वारकाबाईनं मदतीला हात पुढं केला नाही.

दुसऱ्या दिवशी हैदरनं सुट्टी टाकून आपलं नाव लिहून दिलं. बुधवारी तपासणी झाली, त्या प्रेसला सील लागलं. पण कंपनी म्हणते, हे दोघं मित्र आहेत, संगनमतानं बोलतात, तुकडा त्यांनीच घातला. चौकशी चालू आहे. त्या शिफ्टला शॉपमध्ये आणखी तिघं होते. तिघांनी तो तुकडा रोज बघितलाय. द्वारकाबाई तिघांच्याही घरी जाऊन आली. एक जण घाबरलाय. एक गावी गेलाय म्हणे. आणि तिसऱ्यानं दारातच एक वचन ऐकवलं, दोन ओळींचं: "न्याय करू नका, म्हणजे तुमचा न्याय होणार नाही."

तर हे लिहिणं त्याच्यासाठी आहे, आणि वाळूजला कुठल्याही शॉपमध्ये असा खुपसलेला तुकडा बघून जो जो मान वळवतो त्याच्यासाठी. भाऊ, पुढच्या ओळी वाच. तिथं डोळ्यातलं मुसळ आणि कुसळ आहे. आधी स्वतःच्या डोळ्यातलं काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं काढायला तुला नीट दिसेल, असं आहे. काढूच नको असं कुठंही नाही. तू जे बघितलंस तेवढंच सांगायचंय, एक शब्द जास्त नको. पुढच्या सोमवारी सकाळी अकरा वाजता स्टेशनजवळच्या ऑफिसात ये, आणि आपलं नाव लिहून दे.